काश्यप गोत्राची नऊ माणसं

मला सवलतीच्या दरात दाखवलं गेलं, हे मी आजवर विसरलेले नाही. ज्यांनी दाखवलं ते माझे बाबा जाऊन पुष्कळ वर्षं झाली. ज्यांना दाखवलं ते आत्ता बाहेर ओट्यावर बसून संत्र्याच्या साली वाळत घालताहेत. तरी ही गोष्ट निघाली की माझा आवाज चढतोच, आणि ओट्यावरून खोकल्याचा आवाज येतो, म्हणजे ते हसतात.

बाबा पारशिवनीला पोस्टमास्तर होते. माणूस सरळ, कुणाच्या एका पैशाला न शिवणारा, पण पूर्ण भाव द्यायची वेळ आली की त्यांच्या अंगात काहीतरी संचारायचं. घासाघीस करायची त्यांची एक रीत होती. भाव ऐकला की ते खाली बसत. बोलत काही नसत. दुकानात पोतं असलं तर पोत्यावर, नाहीतर पायरीवर, तेही नसलं तर छत्रीच्या आधारानं उकिडवे बसून रस्त्याकडे बघत राहत. पाच-दहा मिनिटांनी दुकानदार आपणहून खाली येई. बाबा बसलेलेच. तो आणखी खाली आला की मग उठत. आमच्या गावचा कापडवाला तर त्यांना लांबून बघूनच ओरडायचा, "बसू नका पोस्टमास्तर, देतो!"

मी अठरा वर्षांची होते, म्हणजे त्या काळच्या मानानं शिळी. चार स्थळं येऊन गेली होती. रेल्वेनं कन्हानपर्यंत आणि तिथून आम्ही पाठवलेल्या बैलगाडीनं पाहुणे यायचे. सहाच्या खाली कधी नसत. गाडीत हाडं खिळखिळी झालेली असत, म्हणून आल्याबरोबर आंघोळीला कढत पाणी, मग पुरणपोळी, मग झोप आणि मग मी. पुरणपोळी खाऊन झोपलेल्या माणसाला उठल्याउठल्या कोणतीही मुलगी आवडत नाही, हे माझं अजून मत आहे. ते 'कळवतो' म्हणून जात आणि आठ दिवसांनी कार्ड येई, पत्रिका जुळत नाही.

ते कार्ड टपालाच्या थैलीतून पडायचं बाबांच्याच हातात. आलेल्या कार्डावर तारखेचा शिक्का मारायचा हा सरकारी नियम. बाबा आधी वाचत, मग नियमाप्रमाणे शिक्का मारत आणि ते डाकवाल्याकडे न देता स्वतःच्या खिशातून घरी आणत. चौथ्या कार्डाच्या दिवशी त्यांनी ते आईच्या हातात दिलं आणि परसात जाऊन कुंपणाच्या काट्या उगाच सारख्या करत बसले. माझ्या पाठीवर दोन बहिणी होत्या. तोवर मला नुसता राग यायचा. त्या दिवशी पहिल्यांदा भीती वाटली.

गावात आमच्या समाजाची घरं तीनच. आमचं, वैद्यबुवांचं आणि शाळेच्या मास्तरांचं. तिन्ही घरांत एकेक मुलगी बसलेली. वैद्यबुवांची धाकटी लेक, मास्तरांची बहीण आणि मी. तिघींनी मिळून अकरा नकार जमवले होते. एका रविवारी बाबांनी दोन्ही पुरुषांना आमच्या ओट्यावर बोलावलं आणि म्हणाले, "मुलगे सगळे नागपुरात नोकरी करून राहिले, अन् आपण त्याईले अठी बोलावून पुरणपोळ्या चारून राहिलो! आपणच जाऊ ना गा तिकडे. दोन दिवसांत तिघींचं उरकून येऊ."

वैद्यबुवा सत्तरीचे, हात थरथरणारे, जुन्या वळणाचे. ते म्हणाले, "मुली घेऊन दारोदार फिरायचं?"

"दारोदार काहून, बुवा? खोली घेऊ. ज्याले पाहायचं तो येईल पाहायले. चहा अन् पोहे, झालं."

चहा अन् पोहे म्हटल्यावर मास्तर लगेच तयार झाले. त्यांच्याकडे आदल्याच महिन्यात नऊ माणसं जेवून गेली होती.

बाबांच्या मनातली खोली म्हणजे खरं तर धर्मशाळा होती, फुकटातली. पण आई एरवी न बोलणारी, ती दारामागून बोलली. "बैलांच्या शेजारी बसवून मुलगी दाखवायची असन तर अठीच गोठा आहे आपला." तेव्हा नागपुरात बर्डीवरचं एक लॉज ठरलं. स्टेशनापासून पायी जाण्यासारखं, म्हणजे टांग्याचे पैसे वाचणार होते. खोल्या भाड्यानं घ्यायच्या, स्वयंपाक ज्याचा त्यानं करायचा, मागच्या पडवीत चुलींची रांग. बाबांनी पत्र टाकून तिन्ही स्थळांना वेळा दिल्या. माझ्याकडचे वर्ध्याचे, शनिवारी सकाळी दहाला. वैद्यबुवांच्या लेकीचे दुपारी. मास्तरांच्या बहिणीचे रविवारी. मी बाबांना म्हटलं, डॉक्टरही असेच रोगी घेतो. त्यांना ते कौतुक वाटलं.

शुक्रवारी दुपारी आम्ही नऊ माणसं लॉजच्या दारात उभी राहिलो. तीन घरं, प्रत्येकी तीन जण. मालक जाडजूड, उघड्या अंगाचा, खांद्यावर पंचा, आणि दोन खोल्यांचं त्यानं सांगितलेलं भाडं ऐकून बाबा ट्रंकेवर बसायला वळलेच होते. पण बसता बसता त्यांना भिंतीवरची पाटी दिसली. एका कुटुंबाची आठांवर माणसे असल्यास व चूल एकच पेटविल्यास निम्मे भाडे.

"हे काय आहे गा, मालक?"

"बरोबर लिहिलं आहे," मालक म्हणाला. "तीन घरं आली का तीन चुली पेटतात. एक म्हणते माह्यं सोवळं, दुसरी म्हणते माह्यं. धुरानं भिंती काळ्या होतात त्या कोणाच्या? एक कुटुंब, एक चूल, निम्मं भाडं. तुमचं कुटुंब एकच आहे का?"

"एकच!" बाबा म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर मी जो आनंद पाहिला तो माझ्या बारशालाही झाला नसेल.

मालक असल्या एकच-वाल्यांना चांगलं ओळखून होता. त्यानं लांब खातेवही उघडली. तिच्यात नाव, गाव, काम आणि शेवटी गोत्र असे रकाने होते. तो म्हणाला, "मागं चौदा जण आले होते, सख्खे चुलत म्हणे. चार गोत्रं निघाली. तवापासून मी गोत्र विचारतो." आणि त्यानं टाक वयानं मोठे म्हणून वैद्यबुवांकडे रोखला.

वैद्यबुवांना खोटं बोलायचं नव्हतंच. "काश्यप," ते म्हणाले.

टाक बाबांकडे आला. आमचं गोत्र भारद्वाज. बाबांनी डोळ्याची पापणी न लववता सांगितलं, "काश्यपच की." मास्तरांचं वसिष्ठ. ते पोरांना रोज खरं बोलावं म्हणून फळ्यावर लिहून देणारे. त्यांनी खोकल्यात गुंडाळून कसंबसं काश्यप म्हटलं. मालकानं बाबांच्या हातात टाक दिला आणि बाबांनी पोस्टातल्या वळणदार अक्षरात नऊ नावांपुढे नऊ वेळा काश्यप लिहिलं. मागून आई त्यांच्या उपरण्याचं टोक ओढत होती. बाबांना वाटलं, तिला आनंद झाला आहे.

खोलीचं दार लागल्यावर आई म्हणाली, "अहो, काय करून बसले तुम्ही? उद्या येऊन राहिले ते वर्ध्याचे, त्याईचं गोत्र काश्यप आहे ना!"

एक गोत्र म्हणजे एक रक्त, म्हणजे मुलगा-मुलगी भाऊबहीण. तिथं पत्रिकाही कुणी उघडत नसे. बाबांनी उपरणं खुंटीला टांगलं. मग म्हणाले, "ते काय मालकाची वही वाचायले येऊन राहिले? पोरगी पाहायले येऊन राहिले." आणि त्यांनी विषय मिटवला. निम्मं भाडं पदरात पडलेलं असताना बाबांना संकट दिसत नसे.

मग त्यांनी सगळ्यांना नाती वाटून दिली. वैद्यबुवा माझे आजोबा. त्यांची बायको आजी. बाबा थोरला मुलगा, मास्तर धाकटा. म्हणजे आई थोरली सून आणि मास्तरीणबाई धाकटी. मास्तरीणबाईंना ते पटलं नाही, कारण धाकट्या सुनेला पाणी भरावं लागतं. पण खरी मजा वैद्यबुवांच्या बायकोची झाली. तिला मुलगा नव्हता, म्हणून सून नव्हती. सासू व्हायची हौस तिच्या मनात चाळीस वर्षं मुरलेली होती. दोन तासांत ती इतकी पक्की सासू झाली की मालक आसपास नसतानाही थांबेना. "थोरले सूनबाई, डाळ अशी धुतात का वं?" "धाकटे, पदर कुठी आहे तुहा?" माझी आई पोस्टमास्तरीण, गावात तिला उठून जागा द्यायचे, ती एका चुलीपुढे डोक्यावर पदर घेऊन डोळ्यांतून पाणी काढत बसली. ते धुराचं होतं की रागाचं, कळत नव्हतं.

संध्याकाळी मालक पडवीत चक्कर मारायला आला. चूल एकच होती, ते त्यानं पाहिलं. मग त्याची नजर फळीवर गेली. तिथं तीन बरण्या होत्या.

"एका घरचं लोणचं तीन बरण्यांत काहून?"

आम्हा तिन्ही घरांनी एकेक बरणी आणली होती. परगावी दुसऱ्याच्या घरचं लोणचं खावं लागू नये, हा विचार तिन्ही घरांनी अलगअलग केला होता. बाबा म्हणाले, "एक कैरीचं आहे."

"अन् दुसरं?"

"तेही कैरीचंच. पण कमी तिखट."

"अन् तिसरं?"

"मालक," बाबा म्हणाले, "एकत्र कुटुंबात राहून पाहा, मग कळन तुम्हाले." मालक मान हलवत गेला. पण त्यानं बरण्या मोजल्या होत्या.

शनिवारी नाती बदलायची जागा जिना होती. मालक खाली बसायचा, पाहुणे वर येणार. म्हणून जिन्याच्या वर आम्ही खरे, तीन घरांचे, तीन गोत्रांचे. जिन्याच्या खाली एक कुटुंब. बाबांनी हे सगळ्यांकडून दोनदा म्हणून घेतलं. वैद्यबुवांच्या बायकोला मात्र जिना चढूनही सासूपण उतरवता येत नव्हतं, म्हणून तिला पाहुण्यांपुढे तोंड न उघडण्याची शपथ घातली.

दहाला वर्ध्याचे आले. मुलगा, त्याचे वडील आणि त्याची आत्या. मुलगा इथंच सेक्रेटरिएटात कारकून होता. आत्याबाई विधवा, भावाच्या घरी राहून सगळं घर चालवणाऱ्या, नाकावर चष्मा. मी पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आले, नमस्कार केला आणि खाली मान घालून बसले. मान खाली असली तरी डोळे वर करता येतात, ही विद्या चार स्थळांत माझ्या अंगवळणी पडली होती. वैद्यबुवा गावचे वडीलधारे म्हणून बैठकीत होते. त्यांचा हात थरथरत होता आणि बशीतले पोहे धोतरावर सांडत होते. मुलानं कुणाला न सांगता आपली बशी खाली ठेवली, वैद्यबुवांची बशी उचलून त्यांच्या मांडीजवळ स्टुलावर ठेवली आणि परत आपले पोहे खाऊ लागला. कुणाचं लक्षही गेलं नाही. माझं गेलं. तोवर चार मुलग्यांपैकी एकही मला आवडला की नाही, हा प्रश्न मला पडलाच नव्हता. त्या क्षणी पडला आणि उत्तरही तिथंच मिळालं. हे स्थळ जाऊ नये, असं मला फार वाटलं.

आत्याबाई केव्हा उठल्या ते कळलं नाही. मुलगी बघायला गेलं की शेजारीपाजारी चौकशी करायची, हा आमच्याकडचा रिवाज. घर कसं, माणसं कशी, मुलीचा स्वभाव कसा. बाबांनी मुली शहरात आणल्या, शेजारी पारशिवनीत ठेवले, आणि त्यांना वाटलं चौकशीही तिथंच राहिली. पण रिवाज तो रिवाज. शेजार नाही, तर आत्याबाई जिना उतरून सरळ मालकाकडे गेल्या. मालकानं प्रामाणिकपणानं वही उघडून दाखवली.

त्या वर आल्या तेव्हा त्यांच्या मागं मालक होता आणि मालकाच्या काखेत वही.

"दादा, ऊठ," त्या भावाला म्हणाल्या. "हे लोक काश्यप आहेत. सगोत्र! बहीण दाखवून राहिले हे आपल्या पोराले!"

मुलाच्या वडिलांनी बशी खाली ठेवली. "पोस्टमास्तर, पत्रिकेवर तर भारद्वाज होतं."

"भारद्वाज?" दारातून मालक म्हणाला. त्याचे डोळे चमकले. "कोणाचं भारद्वाज?"

भारद्वाज म्हणावं तर मालक तिथंच पूर्ण भाडं लावणार, कदाचित नऊही जणांना सामानासकट रस्त्यावर काढणार, आणि मग दुपारचे पाहुणे कुठे बसणार? काश्यप म्हणावं तर माझं लग्न मोडलं. मास्तरीणबाई माझ्याकडे डोळे वटारून बघत होत्या. वैद्यबुवांची बायको पदराआडून मान हलवत होती.

आत्याबाई माझ्यापुढे आल्या. "पोरी, तू सांग. तुझं गोत्र कोणतं?"

मी बाबांकडे पाहिलं. मला खात्री होती की ते मला डोळ्यांनी खुणावणार. काश्यप म्हण, स्थळं पुष्कळ येतील, निम्मं भाडं पुन्हा मिळत नाही. मला फार राग आला. मी मनात म्हटलं, आता मी या सगळ्यांसमोर खरं सांगते, आणि मग बाबांना ऐकवते की मी काय कापडाचा तागा आहे का, दहा वार घेतले तर स्वस्त देणार ते. मी तोंड उघडलं.

पण बाबा उभे राहिले. खोलीत सगळे बसलेले होते आणि एकटे बाबा उभे होते. भाव चालू असताना उभे राहिलेले बाबा मी त्याआधी कधी पाहिले नव्हते.

"तिले नका विचारू," ते म्हणाले. "तिचं गोत्र भारद्वाज. आम्ही तीन घरचे तीन आहोत. वहीत लिहिलं ते खोटं आहे, अन् ते म्या लिहिलं. मालक, पूर्ण भाडं लावा. कालपासून लावा. पण पोरीचं मोडू नका."

शेवटचं वाक्य मालकाला होतं की आत्याबाईंना, ते त्यांनाही ठाऊक नसावं. मी खाली बघून रडले. लाजेनं नव्हे, अजिबात नव्हे. ज्या माणसाबद्दल मी एवढं वाईट मनात आणलं होतं, तो माझ्यासाठी पूर्ण भाव द्यायला उभा राहिला होता.

"मले वाटलंच होतं," मालक म्हणाला. "तीन बरण्या!"

आत्याबाईंचं समाधान झालं नव्हतं. "निम्म्या भाड्यासाठी गोत्र सोडते हा माणूस! गोत्र माहीत नसलं तर लोक काश्यप सांगतात. याले माहीत होतं!"

तेव्हा मुलगा पहिल्यांदा बोलला. मुलगी बघायला आलेल्या मुलानं बोलायचं नसे, म्हणून सगळे त्याच्याकडे वळले. "आत्या," तो म्हणाला, "खोटं बोलले ते कालचं होतं. आत्ता खरं बोलून त्याईचं नुकसानच झालं ना." एवढं बोलून त्यानं बशीतले उरलेले पोहे संपवले. ते गार झाले होते.

'कळवतो' म्हणून ते गेले. 'कळवतो'चा अर्थ आम्हाला पाठ होता.

मालकानं रस्त्यावर काढलं नाही, पण पूर्ण भाडं घेतो म्हणाला आणि पूर्ण भाडं म्हटल्यावर मास्तरीणबाईंनी लगेच वेगळी चूल मांडली. आईनंही मांडली. चोवीस तासांच्या सुनेचा राग ती त्या चुलीत फुंकत होती. तीन चुलींचा धूर जिन्यानं वर चढला आणि दुपारी वैद्यबुवांच्या लेकीला बघायला आलेली मंडळी त्यात येऊन बसली. मुलीच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. मुलाच्या आईनं ते पाहिलं. आईबाप सोडायच्या नुसत्या विचारानं ही एवढी रडते, किती हळवी पोर, म्हणून तिनं तिथल्या तिथं पसंतीचा नारळ दिला. बाबांचं शहाणपण आमच्या तिघींपैकी एकीला तरी त्या दिवशी फळलं. मास्तरांच्या बहिणीचं पुढच्या वर्षी झालं, पुरणपोळीवर.

परत आल्यावर बाबा रोज टपालाची थैली स्वतः सोडायचे. अकराव्या दिवशी ते दुपारीच घरी आले, चपला न काढता सैपाकघरापर्यंत. कार्ड आईच्या हातात दिलं. त्यावर शिक्का इतक्या जोरानं मारला होता की नेमका महत्त्वाचा शब्द शाईखाली गेला होता. 'मुलगी' वाचता येत होतं आणि 'आहे' वाचता येत होतं.

"मुलगी काय आहे?" आई घाबरून म्हणाली.

"पसंत आहे वं! म्या आधी वाचलं, मग शिक्का मारला!"

आईचा त्यांच्या शब्दावर विश्वास बसायला संध्याकाळ झाली. काश्यप प्रकरणानंतर त्यांच्या शब्दाचा भाव उतरला होता.

लग्न नागपुरातच करायचं ठरलं, वर्ध्याच्या मंडळींना रेल्वेची सोय म्हणून. वराकडच्या मंडळींना उतरायला जागा देणं मुलीच्या बापाकडे. बाबा कुठे गेले असतील, हे सांगायला नकोच. मालकानं त्यांना दारात पाहिलं आणि म्हणाला, "बसू नका पोस्टमास्तर. पाटी आहे तशीच आहे. पण मी गोत्र विचारीन."

"विचारा ना गा," बाबा छाती काढून म्हणाले. "एकतीस माणसं येऊन राहिली, अन् सगळी काश्यप. खरोखरची!"

वऱ्हाड आलं त्या दिवशी मालक दारात वही मांडून बसला आणि एकेकाला विचारू लागला. काका काश्यप, पुतणे काश्यप, आणि सुना तर लग्न करून काश्यप झालेल्याच. पार शेवटी आत्याबाई आल्या.

"गोत्र?"

बाबांचा चेहरा एकदम उतरला. हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. बाई ज्या घरी दिली त्या घरचं गोत्र तिचं. आत्याबाई जन्मानं काश्यप, पण लग्न झालं तेव्हापासून वसिष्ठ. नवरा गेला, सासर सुटलं, आयुष्य भावाच्या चुलीपुढे गेलं, तरी वसिष्ठ. एका त्यांच्यापायी एकतिसांचं निम्मं भाडं जाणार होतं. आत्याबाईंनी चष्म्यातून बाबांकडे पाहिलं. बाबा जमिनीकडे पाहत होते. आत्याबाई खोकल्या आणि त्या खोकल्यात म्हणाल्या, "काश्यप."

बाबा त्यांच्या पायाच पडायला निघाले होते, आईनं आवरलं. मला तेव्हा नुसतं हसू आलं होतं. आत्याबाईंना ते उत्तर देताना काय वाटलं असेल, हा विचार माझ्या मनात यायला पुष्कळ वर्षं लागली.

लग्न झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी वऱ्हाड स्टेशनाकडे निघालं. टांगे दारात लागले होते, माझी ट्रंक पायरीजवळ ठेवली होती. मालक वही घेऊन माणसं मोजत होता. "एकतीस आले, बत्तीस चालले," तो म्हणाला. "एक वाढलं. पोस्टमास्तर, लिहा हो, तुमचं अक्षर चांगलं आहे."

बाबांनी टाक घेतला. एकतिसाव्या नावाखाली माझं नवं नाव लिहिलं, नवऱ्याच्या नावासकट, वळणदार. गावाच्या रकान्यात वर्धा लिहिलं. मग टाक शेवटच्या रकान्यात गेला आणि तिथंच थांबला. टोकाला शाईचा थेंब जमला.

"काश्यप लिहा ना," मालक म्हणाला. "मागं तर नऊ वेळा लिहिलं होतं झपाझप."

"तवा खोटं होतं गा," बाबा म्हणाले.

त्यांनी टाक मालकाच्या हातात दिला आणि माझ्या ट्रंकेवर खाली बसले. रस्त्याकडे बघत, कापडवाल्याच्या दुकानात बसायचे तसेच. तो रकाना मालकानंच भरला आणि वही मिटून आत निघून गेला.

मी जाऊन बाबांच्या शेजारी ट्रंकेवर बसले. टांगेवाल्यानं दोनदा हाक मारली. आम्ही दोघंही उठलो नाही.